मायक्रोस्कोपिक कोलायटिस : रुग्ण आणि घरचे नेहमी विचारतात ते प्रश्न

माझ्या आईला हा आजार आहे. निदान झालं तेव्हा नावसुद्धा आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. तेव्हापासून ओपीडीच्या बाकावर, नातेवाइकांच्या फोनवर, सोसायटीच्या जिन्यात लोक मला फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. मी डॉक्टर नाही. कुठलंही औषध सुरू किंवा बंद करायचं ते तुमच्या पोटविकारतज्ज्ञांना विचारूनच. पण आत जाण्याआधी काय विचारायचं हे ठाऊक असलं, तर त्या पाच मिनिटांत कामाचं बोलणं होतं.

हा नेमका कसला आजार आहे?

मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला बारीक, चिवट सूज येते. ते अस्तर पाणी नीट शोषून घेईनासं होतं आणि पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. हे दोन-चार दिवसांत आटोपत नाही, आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन् महिने चालतं. दुर्बिणीतून, म्हणजे कोलोनोस्कोपीत, पाहिलं तर आतडं बहुतेक वेळा अगदी निरोगी दिसतं. दोष दिसतो तो अस्तराचा कणभर तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर.

याचे मुख्य प्रकार दोन. लिम्फोसायटिक प्रकारात अस्तराच्या दर १०० पेशींमागे २० किंवा त्याहून जास्त लिम्फोसाइट, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, शिरलेल्या असतात. कोलॅजिनस प्रकारात अस्तराच्या खाली कोलॅजनचा थर १० मायक्रोमीटरहून जाड झालेला असतो. हा दुसरा प्रकार स्वीडनमध्ये १९७६ साली पहिल्यांदा नोंदला गेला. तुमच्या रिपोर्टवर यातला कुठलाही शब्द असला तरी उपचार जवळपास सारखेच आहेत, त्यामुळे प्रकारावरून फार काथ्याकूट करू नका.

युरोपात दरवर्षी लाखामागे साधारण ११ नवे रुग्ण सापडतात. आपल्याकडे तो दुर्मीळ समजला जातो. तुकडेच तपासायला गेले नाहीत, तर तो सापडणार तरी कसा, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

लक्षणं कशी असतात? रक्त पडतं का?

रक्त पडत नाही. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. शौचाला पाण्यासारखी होते, दिवसातून चार-पाचदा, जोर असेल तेव्हा दहा-बारा वेळासुद्धा. घाई इतकी की दोन मिनिटं थांबणं जमत नाही. रात्री झोपेतून उठून जावं लागतं, आणि कधी संडासापर्यंत पोचायच्या आत कपडे खराब होतात. जोडीला पोटात कळ, थकवा, थोडंफार वजन उतरणं.

कपडे खराब होतात हे बरेच जण डॉक्टरांनाही सांगत नाहीत. आईने मलासुद्धा किती तरी दिवस सांगितलं नव्हतं. रोज सकाळी बाल्कनीत एक धुतलेली सलवार जास्तीची वाळत घातलेली दिसायची, त्यावरून मला कळलं. हे लक्षण निदानाच्या दृष्टीने फार महत्त्वाचं आहे. डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा. लाज वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या.

हा कॅन्सर आहे का? पुढे कॅन्सर होतो का?

नाही. या आजाराने मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढत नाही. 'तुकडा तपासायला पाठवलाय' म्हटलं की घरात सगळ्यांचे चेहरे उतरतात, पण इथे तुकडा निदानासाठीच घेतात.

अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स म्हणजे हाच का?

नाही. त्या आजारांत आतड्यात जखमा दिसतात, रक्त-आव पडते, ताप येऊ शकतो. मायक्रोस्कोपिक कोलायटिसमध्ये आतडं फाटण्याचे प्रसंग अगदी विरळ, आणि ऑपरेशनची वेळ जवळजवळ येतच नाही. त्रास मात्र खरा आहे. 'आतडं तर चांगलं दिसतंय, मग एवढं काय' असं कोणी म्हणालं, तर त्या माणसाला या आजाराची माहिती नाही एवढंच समजा.

कोलोनोस्कोपी नॉर्मल आली. मग हा आजार नाही ना?

या सगळ्या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच. नुसत्या नॉर्मल कोलोनोस्कोपीवरून हा आजार नाही, असं म्हणता येत नाही. डोळ्यांना आतडं नॉर्मल दिसणं हीच तर या आजाराची रीत आहे. अस्तराचे तुकडे घेतले होते का आणि कुठून घेतले होते, हे पाहिल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

आईची पहिली दुर्बीण झाली तेव्हा रिपोर्टवर गुळगुळीत गुलाबी आतड्याचे चार रंगीत फोटो होते आणि खाली 'नॉर्मल स्टडी'. तुकडे घेतलेच नव्हते. पुढचं वर्षभर ती 'मनाला लावून घेऊ नका, टेन्शन कमी करा' एवढंच ऐकत राहिली. दुसऱ्या डॉक्टरांनी पुन्हा दुर्बीण केली, आतडं पुन्हा तसंच छान दिसलं, पण या वेळी तुकडे घेतले आणि चार-पाच दिवसांत आजाराला नाव मिळालं.

म्हणून पाण्यासारखे जुलाब चार आठवड्यांहून जास्त चालू असतील आणि कोलोनोस्कोपी ठरली असेल, तर आधीच विचारा, 'आतडं नॉर्मल दिसलं तरी तुकडे घ्याल ना?' तुकडे आतड्याच्या उजव्या आणि डाव्या दोन्ही बाजूंनी घ्यावे लागतात आणि वेगवेगळ्या बाटल्यांत पाठवावे लागतात. काही जणांत एका बाजूला काहीच सापडत नाही आणि दुसरीकडे आजार स्पष्ट असतो. त्यामुळे फक्त शेवटच्या भागाची छोटी दुर्बीण पुरत नाही. तुकडा घेताना दुखत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आधी सांगायची.

दुसरं मत हवं असेल तर लॅबकडून स्लाइड आणि तुकडा जपून ठेवलेला मेणाचा ब्लॉक मागा. ते रुग्णाला मिळतात, आणि पुन्हा दुर्बीण न करताही दुसरे पॅथॉलॉजिस्ट ते पाहू शकतात.

मला आयबीएस सांगितलंय. तेच असेल का?

असू शकेल, आयबीएस, म्हणजे तपासणीत दोष न दिसता पोट वारंवार बिघडणं, कितीतरी अधिक आढळतं. पण दोघांची लक्षणं एकमेकांत बेमालूम मिसळतात. वय पन्नाशी-साठीच्या पुढे असेल, त्रास अलीकडेच सुरू झाला असेल, झोपेतून उठून जावं लागत असेल, वजन उतरलं असेल, तर 'आयबीएस' या उत्तरावर थांबू नका. बायकांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा जास्त आणि बहुतेक उतारवयात होतो, पण चाळिशीच्या आतही होऊ शकतो.

हा होतो कशामुळे?

एकच एक कारण नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा आतड्यातल्या कशावर तरी गरजेपेक्षा जास्त चवताळते, असं साधारण चित्र आहे. थायरॉइडचे ऑटोइम्यून आजार, सीलिॲक म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा आजार, टाइप १ मधुमेह, सांध्यांचा आमवात, यांपैकी काही असणाऱ्यांत तो जास्त दिसतो. सिगारेट ओढणाऱ्यांना धोका जास्त, आणि त्यांना तो साधारण दहा वर्षं लवकर गाठतो.

पण घरात बसून आजच तपासता येईल अशी गोष्ट म्हणजे औषधांचा डबा. या आजाराशी जोडली गेलेली औषधं अशी : डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या. ॲसिडिटीच्या प्रोटॉन पंप गटातल्या गोळ्या, त्यातही लॅन्सोप्राझोल. नैराश्यासाठी दिली जाणारी सर्ट्रालिनसारखी औषधं. काही अभ्यासांत कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्याही. वेदनाशामक आणि ॲसिडिटीची गोळी एकत्र चालू असेल तर धोका आणखी वाढलेला दिसतो.

आता आपल्या घरांकडे पाहा. गुडघे दुखतात म्हणून एक गोळी आणि तिने पोट जळू नये म्हणून उपाशीपोटी दुसरी, ही जोडगोळी किती घरांत वर्षानुवर्षं चालू आहे! चिठ्ठी कधीच जुनी झालेली असते, केमिस्ट ओळखीचा असतो, पट्टी संपली की नवी येते. आईचंही असंच चाललं होतं. डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या टेबलावर मांडायला लावल्या आणि त्यातल्या दोन तिथेच बाजूला काढल्या.

तुम्हीही घरातल्या सगळ्या पट्ट्या, काढे, चूर्णं एका पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ठेवा. कुठली गोळी कधी सुरू झाली आणि जुलाब कधीपासून लागले, या दोन तारखा शेजारी शेजारी लिहा. मात्र स्वतःच्या मनाने काही बंद करू नका. हृदयाच्या किंवा नैराश्याच्या गोळ्या एकदम सोडणं धोक्याचं असतं, पर्याय डॉक्टरच सुचवतील.

बाकी कुठल्या तपासण्या लागतात?

आपल्या मुंबईत लांबलेल्या जुलाबांची इतर कारणं आधी पाहावीच लागतात. जिआर्डिया, अमीबासाठी शौचाची तपासणी, थायरॉइड, हिमोग्लोबिन, आणि सीलिॲकसाठी रक्तातली टीटीजी अँटिबॉडी. या शेवटच्या तपासणीआधी पोळी, ब्रेड बंद करू नका, नाहीतर रिपोर्ट खोटाच नॉर्मल येऊ शकतो. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं असेल किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर सांगा, दोन्हींमुळे जुलाब होऊ शकतात. आतड्याच्या टीबीची शंका मुंबईत डॉक्टर घेतातच, आणि ते योग्यच आहे. पण टीबीत सहसा दुर्बिणीतूनच जखमा दिसतात.

शौचातलं कॅलप्रोटेक्टिन, म्हणजे आतड्याची सूज दाखवणारं प्रथिन, या आजारात नॉर्मलही येऊ शकतं. त्यावर विसंबून दुर्बीण टाळू नका.

बुडेसोनाइड म्हणजे स्टिरॉइड. घ्यायला हरकत नाही ना?

'स्टिरॉइड' ऐकलं की अर्धं घर नको म्हणतं. बुडेसोनाइड हे या आजारावरचं सर्वांत खात्रीचं औषध आहे. दम्याच्या पंपातही हेच असतं, त्यामुळे नाव काहींच्या ओळखीचं असेल. इथे ते कॅप्सूलमधून आतड्यापर्यंत पोचतं आणि तिथेच काम करतं. रक्तात उतरतं त्यातलं सुमारे ९० टक्के यकृत पहिल्याच फेरीत निकामी करून टाकतं. म्हणून प्रेडनिसोलोन या नेहमीच्या स्टिरॉइडच्या मानाने तोंड सुजणं, साखर वाढणं हे त्रास बरेच कमी. अगदीच नसतात असं नाही. मधुमेह, रक्तदाब, मोतीबिंदू, हाडांचा ठिसूळपणा असेल तर आधी सांगा.

नेहमीची सुरुवात दिवसाला ९ मिलिग्रॅम, सहा ते आठ आठवडे. दहापैकी साधारण आठ जणांना चांगला उतार पडतो, बहुतेकांना पहिल्या दोन आठवड्यांतच. कॅप्सूल सकाळी, अख्खी गिळायची, चावायची नाही.

दोन गोष्टी इथे ठासून सांगते. पहिली : बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका. डोस डॉक्टर उतरवत नेतील. दुसरी : बुडेसोनाइड शरीरातून बाहेर टाकणाऱ्या यंत्रणेला काही औषधं अडवतात, मग औषध रक्तात साचतं. नायट्यासाठी सर्रास दिली जाणारी इट्राकोनॅझोल हे त्यातलं ठळक उदाहरण, आणि मुंबईच्या दमट हवेत नायटा घरोघरी. त्वचेच्या डॉक्टरांना बुडेसोनाइड चालू असल्याचं आधी सांगा. क्लॅरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिकही त्याच यादीत. ग्रेपफ्रूट खाऊ नका, आणि त्याच जातकुळीचं पपनसही टाळलेलं बरं. गणपतीच्या दिवसांत बाजारात पपनसं येतात, तेव्हा ध्यानात ठेवा.

औषध थांबवल्यावर त्रास पुन्हा आला. औषध लागू पडलं नाही का?

लागू पडलं होतं, पण आजार उलटला. औषध थांबवल्यावर दहापैकी सहा-आठ जणांना त्रास पुन्हा होतो. तेव्हा परत तेच औषध चालू करतात आणि गरज पडली तर कमीत कमी पुरेल एवढा डोस, दिवसाला ३ ते ६ मिलिग्रॅम, बरेच महिने ठेवतात. अशा वेळी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडांची तपासणी यांबद्दल विचारा. काही जणांत आजार आपोआप शमतो आणि पुन्हा डोकं वर काढत नाही.

दुसरी औषधं कोणती?

सौम्य त्रासाला लोपेरामाइड. त्याने सूज जात नाही, फक्त जुलाबांचा जोर कमी होतो. ताप असेल, रक्त पडत असेल तर ते घ्यायचं नाही. पित्तरसामुळे जुलाब वाढत असतील तर कोलेस्टिरामाइनची पावडर देतात. ती इतर गोळ्यांनाही धरून ठेवते, म्हणून थायरॉइडची किंवा इतर गोळी आणि ही पावडर यांत काही तासांचं अंतर लागतं. बुडेसोनाइडने भागलं नाही, तर ॲझाथायोप्रिन किंवा बायोलॉजिक इंजेक्शनं, म्हणजे प्रतिकारयंत्रणेला आवरणारी औषधं, येतात. त्याआधी छातीचा एक्स-रे, सुप्त टीबीची आणि हिपॅटायटिस बीची तपासणी झालीच पाहिजे. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये चालणारं मेसालामाइन या आजारात विशेष कामाचं ठरलेलं नाही.

कुड्याचं पाळ, बेलाचा मुरंबा, सुंठ?

आजीच्या काळापासूनचे उपाय आहेत, आणि साध्या बिघडलेल्या पोटाला अनेकांना त्यांनी बरंही वाटतं. पण त्यांच्या भरवशावर तपासणी लांबवू नका. आणि जे घेता ते डॉक्टरांना सांगा.

खायचं काय?

या आजाराचं ठरलेलं पथ्य नाही. आहाराने तो होत नाही आणि नुसत्या आहाराने जातही नाही. पण जोर असतो तेव्हा काही गोष्टींनी जुलाब वाढतात. चहा-कॉफी, दारू, तळकट, आणि 'शुगर-फ्री' मिठाई किंवा च्युइंगममधली सॉर्बिटॉल, माल्टिटॉलसारखी गोडी. ही शेवटची गोष्ट मधुमेही लोकांच्या लक्षातच येत नाही. दूध दोन आठवडे बंद करून फरक पाहा. पुष्कळांना दूध पचत नाही, पण ताजं ताक, दही चालतं.

त्रास असेल त्या दिवसांत मऊ भात, मुगाचं वरण, मेतकूट-भात, केळं, उकडलेला बटाटा. कच्ची कोशिंबीर, मोड आलेली कडधान्यं, उसळ-मिसळ थोडे दिवस बाजूला. उपासाचं म्हणाल तर दाण्याचं कूट आणि तूप घालून केलेली साबुदाण्याची खिचडी या पोटाला जड जाते. उपास करायचाच असेल तर वऱ्याचे तांदूळ मऊ शिजवून घ्या.

उतार पडला की एकेक पदार्थ परत सुरू करा. मी इथे आग्रहाने सांगेन, कारण आईने भीतीपोटी इतकं सोडलं होतं की जुलाब थांबल्यावरही वजन भरेना.

पाणी कमी प्यायलं तर जुलाब कमी होतील का?

नाही, उलट अंगातलं पाणी कमी होऊन चक्कर येईल. ओआरएसचं मोठं पाकीट, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं २०.५ ग्रॅमचं, अख्खं एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घालायचं. अर्धं पाकीट पेल्यात टाकून प्रमाण बिघडवू नका. फळांच्या चवीचे गोड डबे म्हणजे ओआरएस नव्हे, त्यातल्या साखरेने जुलाब वाढू शकतात. किडनीचा किंवा हृदयाचा आजार असेल तर किती प्यायचं ते विचारून घ्या.

लोकलने कामाला जायचं कसं?

लोकलमध्ये संडास नाही. सगळ्यात अवघड दुखणं हेच. फास्ट गाडीत दोन स्टेशनांमधलं अंतर अंगावर येतं, म्हणून आजाराचा जोर असेपर्यंत स्लो गाडी पकडा, पुढच्या स्टेशनवर उतरता तरी येतं. आपल्या मार्गावर कुठल्या स्टेशनात, कुठल्या प्लॅटफॉर्मला, जिन्याच्या कुठल्या बाजूला स्वच्छतागृह आहे, ते एखाद्या रविवारी निवांत पाहून ठेवा. आईला दादर आणि कुर्ल्याचं तोंडपाठ आहे.

तिच्या पर्समध्ये एक जुनी कापडी पिशवी कायम असते. आत घडी केलेली सलवार, दोन पॅड, ओले टिश्यू, छोटी पाण्याची बाटली, गाठ मारता येईल अशी प्लॅस्टिकची पिशवी, सुटे पैसे. तिला ती फारशी उघडावी लागत नाही. पण ती जवळ आहे म्हणून ती घराबाहेर पडते. निघण्याआधी लोपेरामाइड घ्यायचं का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा.

ऑफिसात डॉक्टरांचं पत्र देऊन उशिरा येण्याची मुभा आणि संडासाजवळची जागा मागा. आजाराचं नाव सांगायचं की नाही, ते तुमच्यावर आहे.

चाळीत राहतो, संडास सामाईक आहे. किंवा घरात एकच आहे आणि माणसं सहा.

जोर असेल तेवढे दिवस घरात कमोड खुर्ची ठेवा. सर्जिकलच्या दुकानात ती भाड्यानेही मिळते. रात्रीसाठी तर ती हवीच, अंधारात धावताना वयस्कर माणूस पडलं तर मांडीचं हाड मोडतं. एक संडास असेल तर सकाळच्या वेळा घरात उघड बोलून ठरवा. रुग्णाला दार वाजवून विनंती करावी लागू नये, ही जबाबदारी बाकीच्यांची.

पावसाळ्यात जुलाब लागले. आजार उलटला की इन्फेक्शन?

जुलै-ऑगस्टात मुंबईत पोटाची साथ असतेच. ताप, उलट्या, रक्त किंवा आव, घरात आणखी कोणाला तसाच त्रास, यांतलं काही असेल तर इन्फेक्शनच्या दिशेने पाहा आणि शौच तपासून घ्या. मनाने बुडेसोनाइड वाढवू नका, आणि केमिस्टकडून अँटिबायोटिकही आणू नका.

हा संसर्गजन्य आहे का?

नाही. एकाच ताटात जेवा, काही होत नाही.

खर्च फार येतो का? पालिकेच्या रुग्णालयात सोय आहे का?

परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर, सायनचं लोकमान्य टिळक, या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत पोटविकार विभाग आहेत. खाजगीपेक्षा खर्च फारच कमी, पण सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढावा लागतो आणि दुर्बिणीची तारीख पुढची मिळते. पैशांची अडचण असेल तर तिथल्या समाजसेवा विभागात भेटा. बुडेसोनाइड लिहून देताना जेनेरिक पर्याय विचारा. पंपातलं बुडेसोनाइड आतड्यासाठी चालत नाही, केमिस्टने चुकून तेच काढून दिलं तर परत करा.

तातडीने दवाखाना कधी गाठायचा?

शौचातून रक्त पडलं, ताप चढला, पोट दगडासारखं घट्ट होऊन दुखू लागलं, सहा-आठ तास लघवीच झाली नाही, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा माणूस भ्रमिष्टासारखं बोलू लागलं, तर वाट पाहू नका. स्वतःची गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. कॅज्युअल्टीत पोचल्यावर बुडेसोनाइड चालू आहे, किती महिने आणि किती मिलिग्रॅम, हे पहिल्यांदा सांगा. बरेच दिवस स्टिरॉइड घेतलेल्या माणसाचं शरीर स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे नैसर्गिक स्टिरॉइड, कमी बनवतं, आणि अशा आजारपणात त्याला वरून स्टिरॉइडची सुई द्यावी लागू शकते.